आदी उपस्थित होते

लोक पेपर वाचतात. काही जण त्यात भजी बांधतात, काही कपाटाच्या फळीवर अंथरतात. सर पेपर मोजायचे.

सकाळी बरोबर अकराला ते आमच्या यवतमाळच्या जिल्हा कार्यालयाच्या दारात उभे राहत. त्या वेळी तिथे झाडू मारणाऱ्या मावशी आणि मी, एवढेच असायचो. खांद्याला खाकी पिशवी, आणि शर्टाच्या खिशात पेन असतं तिथे स्टीलची पट्टी. टेबलावर आदल्या दिवसाचा अंक पसरायचा, पट्टी लावायची आणि वहीत आकडा लिहायचा, एवढंच त्यांचं काम. मजकूर ते वाचतात की नाही याबद्दल मला बरेच दिवस शंका होती.

'साहेब, काल तुमच्या पानावर कोलाम लोकाइले साडेतीन सेंटिमीटर भेटलं,' असं ते सांगायचे.

'बरं झालं ना, सर.'

'त्यातलं अडीच सर्पदंशात गेलं.'

बाभुळगावच्या एका कॉलेजात ते तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवत. म्हणजे तास झाला तर प्राध्यापक, नाही झाला तर पाहुणे. उरलेल्या वेळात पीएच.डी. करत. उरलेला वेळ त्यांच्याकडे इतका होता की ती संपायचं नाव घेत नव्हती. जिल्ह्यातल्या अल्पसंख्य समाजांना वर्तमानपत्रात आणि राजकारणात किती जागा मिळते, असा काहीसा विषय होता. खरं नाव एवढं लांब होतं की ते पूर्ण होईपर्यंत ऐकणारा उठून जायचा. पहिले मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसरे बदलून गेले, तिसऱ्यांनी सरांची पिशवी पाहूनच रजा टाकली. चौथे तेवढे टिकले होते, कारण ते फोनवर होते.

आता मी काय करायचो तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर सगळी मजा सरांच्याच नावावर जायची. मी जिल्हा पानाचा उपसंपादक होतो. तालुक्यातालुक्यातले वार्ताहर व्हॉट्सअॅपवर बातम्या पाठवत. गावात बोअरवेलला पाणी लागलं तरी स्टेजवर चाळीस माणसं. चाळीसही जणांना पेपरात नाव हवं, आणि माझ्याकडे जागा काडेपेटीएवढी. यावर मराठी पत्रकारितेनं फार पूर्वीच एक रामबाण शोधून ठेवलाय. पहिली पाच नावं द्यायची आणि मग लिहायचं, 'आदी उपस्थित होते.' पाचात कोण, हे ठरवायला अक्कल लागत नाही. पद असलेले, पद मिळणार असलेले, आणि ज्यांच्या वाढदिवसाला आमच्याकडे पानभर जाहिरात येते ते. बाकीची जनता 'आदी'त. मी रोज शेकडो माणसं 'आदी'त ढकलायचो आणि दुपारी घरी जाऊन शांतपणे वरण-भात खायचो.

सरांचा सिद्धांत या एका शब्दावर उभा होता. 'जिल्ह्यात दोनच प्रकारचे लोक राह्यते साहेब. नाववाले अन् आदीतले. जनगणनावाल्याइले हे अजून समजलं नाई.'

त्यांचे निष्कर्षही असेच. मुसलमान पेपरात ईदेला येतो, पण आलिंगनात. तोंड पुढाऱ्याचं दिसतं, मुसलमानाची पाठ. याला सर 'पाठीचं प्रतिनिधित्व' म्हणत आणि त्याचा रकाना वेगळा ठेवत. बौद्ध माणूस एप्रिलात आणि ऑक्टोबरात येतो, तोही पुढाऱ्याच्या हारामागून. कोलाम आदिवासी दिनाला नाचताना येतो आणि पावसाळ्यात साप चावल्यावर येतो. पारधी तेवढा बाराही महिने येतो, पण त्याच्या नावाआधी 'अट्टल' असतं. मी म्हणालो, 'सर, पारध्यांना तरी भरपूर जागा मिळते म्हणायची.' त्यांनी पट्टी खाली ठेवून माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मीच उठून पंखा वाढवला.

सरांचं आडनाव कोणालाच माहीत नव्हतं. आमच्या भागात नवा माणूस भेटला की लोक सरळ जात विचारत नाहीत. सभ्यपणे आडनाव विचारतात, त्यावरून भागलं नाही तर गाव, मग मामाचं गाव. सर तिन्ही ठिकाणी संशोधकाचं एकच उत्तर देत. 'मी नमुन्यात नाई.' त्यामुळे प्रत्येक समाजाला ते दुसऱ्या समाजाचे वाटत. मुसलमान मोहल्ल्यात लोक म्हणत, सरकारी माणूस दिसतो. बौद्ध वस्तीत म्हणत, त्याइचा असन. आणि कापूसवाल्या पाटलांच्या ओसरीवर एकमतानं ठरलं होतं की हा माणूस कोणत्या तरी परदेशी पैशावर आहे. सरांची चप्पल पाहिली असती तर त्या परदेशाचीच दया आली असती.

एकदा त्यांच्या घरी गेलतो. गेलो होतो म्हणायला हवं, पण त्यांच्या घरचं आठवलं की जीभ आपोआप वऱ्हाडी होते. भेंडीची भाजी होती. सर भेंडी खात नाहीत. ताटाकडे पाहून म्हणाले, 'या घरात मी अल्पसंख्य हाओ.'

वहिनी पोळी लाटताना म्हणाल्या, 'हो, बाप्पा! आधी सांगा, आपल्या दारावरच्या पाटीवर माहं नाव किती सेंटिमीटर हाये?'

पाटीवर फक्त 'सर' लिहिलेलं होतं. सर भेंडी खाऊन उठले. पुढच्या महिन्यात गेलो तर पाटी नवी होती. दोन्ही नावं सारख्या उंचीच्या अक्षरांत. आडनाव तिथेही नव्हतं.

सरांचे दोन नियम होते. पहिला, मोजणाऱ्यानं मोजायच्या वस्तूचं काही घ्यायचं नाही. म्हणून इतक्या वर्षांत आमच्या कार्यालयात त्यांनी चहाचा घोट घेतला नाही. मी कँटीनवाल्याला 'दोन आण' म्हटलं की सर म्हणत, 'एक.' दुसरा नियम याहून कडक. मोजायचं, हलवायचं नाही.

याचं प्रात्यक्षिक मी ढाणकीला पाहिलं. तिथे एका मुसलमान व्यापाऱ्याचा सत्कार होता. स्टेजवर खुर्च्या लागलेल्या, सत्कारमूर्ती बसलेले. तेवढ्यात एक पुढारी आले, त्यांच्यामागे त्यांचा पीए आला, आणि पीएला खुर्ची नव्हती. संयोजकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सत्कारमूर्तींचीच खुर्ची काढली. ते बिचारे तासभर स्वतःच्या सत्कारात, नारळ-शेल्याचं ताट धरून, मागे उभे. सर मंडपाच्या टोकाशी वही घेऊन स्टेजचा नकाशा काढत होते. खुर्चीला चौकोन, माणसाला ठिपका. कोण कुठे बसला, कोण किती मिनिटं बोलला, हार कितव्या नंबरला मिळाला, सगळं त्यात यायचं. सत्कारमूर्तींचा ठिपका त्यांनी चौकोनाबाहेर काढला.

मी म्हणालो, 'सर, जाऊन सांगा ना कोणाला तरी.'

'ताप मोजनाऱ्यानं तापाले हात नाई लावायचा साहेब. मी थर्मामीटर हाओ.'

'थर्मामीटर निदान काखेत तरी जातो, सर.'

ते हसले नाहीत. मीही दुसऱ्या दिवशी बातमीत पीएचं नाव पाचव्या क्रमांकावर छापलं, त्यामुळे हसायचा अधिकार मलाही नव्हता.

मानकूबाई आल्या त्या दिवशी सोमवार होता. सर नेहमीप्रमाणे अकराला आले, पण पट्टी काढली नाही. त्यांच्यामागे एक चाळिशीची बाई होती. हातात प्लास्टिकची पिशवी, पायांवर बसच्या प्रवासाची धूळ. राजूरच्या पलीकडे कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर एक गाव आहे, तिथल्या त्या सरपंच. गावात एका अंगाला कापूस-सोयाबीनवाल्यांची पक्की घरं आणि दुसऱ्या अंगाला कोलामांची वस्ती, तिला पोड म्हणतात. सरपंचपद आरक्षित निघालं तेव्हा उपसरपंचांनीच मानकूबाईंना उभं केलं होतं. बाई सह्या करेल, कारभार आपण करू, असा साधा हिशेब. बाईंनी पहिल्याच वर्षी पाण्याची टाकी पोडाच्या बाजूला बांधून घेतली, तेव्हा उपसरपंचांना लोकशाही धोक्यात असल्याचं जाणवलं.

त्यांनी तक्रार केली की सरपंच सभांना येतच नाहीत, कारभार आम्हीच ओढतो, सबब यांचं पद रद्द करा. हजेरीचं रजिस्टर म्हणाल तर ते जुने ग्रामसेवक बदलून गेल्यापासून सापडत नव्हतं. अशी रजिस्टरं नेमकी कधी हरवायची हे आपल्याकडे त्यांचं त्यांनाच कळतं. तक्रारीला पुरावा म्हणून चार कात्रणं जोडली होती. चारही आमच्या पेपरची, माझ्या पानावरची. चारही सभांत उपसरपंचांचं नाव पहिलं. सरपंचांचं नाव कुठेच नाही.

'मी चारी सभेत होती,' बाई म्हणाल्या. 'मीच अध्यक्ष होती.'

मी कात्रणं पाहिली. चारही बातम्यांचा शेवट माझ्या हातचा होता. आदी उपस्थित होते.

'मले वाचता येते साहेब. सातवी पास हाओ मी,' त्या म्हणाल्या. 'दरवेळी पेपर आनून पाह्यलं. मले वाटे, पेपरात जागा कमी असन.'

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी परतवला असता, तेवढा सराव आहे मला. पण बाई खरंच समजूतदारपणे बोलत होत्या, आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

चौथं कात्रण टाकीच्या उद्घाटनाच्या सभेचं होतं, फोटोसकट. मध्ये उपसरपंच, कात्री घेऊन. फोटोच्या उजव्या कडेला मनगटापासून पुढचा एक हात, गोंदलेला, फीत धरलेला. मनगटाच्या मागचं माणूस फोटोत नव्हतं.

'हा हात माहा हाये,' बाई म्हणाल्या.

फोटो मीच कापला होता. दोन रकान्यांत बसत नव्हता म्हणून. मूळ फोटो शोधला, पण कार्यालयाचा संगणक भरला की आम्ही जुने फोटो उडवतो. तो केव्हाच गेलेला होता.

सर म्हणाले, 'तुमच्या आदीत कोन कोन होतं, ते लिहून द्या साहेब. गुरुवारी सुनावनी हाये. बाईचं पद जाऊन राह्यलं.'

उपसरपंचांच्या वाढदिवसाची जाहिरात पुढच्या महिन्यात यायची होती. जाहिरात विभागाचे साहेब माझ्या पाठीमागच्याच केबिनमध्ये बसत. मी अशा प्रसंगी सगळे भेकड म्हणतात तेच म्हणालो. 'पाहतो.' आणि वर, स्वतःची चिडचिड झाकायला, सरांनाच टोचलं. 'पण काय हो सर, तुम्ही तर हलवत नाही ना? थर्मामीटर ना तुम्ही?'

सरांनी खिशातली पट्टी काढली, परत ठेवली. मग म्हणाले, 'त्या चारी सभाइले मी होतो. नकाशे हायेत वहीत. काल मार्गदर्शकाले फोन केलता. ते म्हनते, साक्ष दिली की तुम्ही पक्षकार झाले. मंग तो ग्रामसभेचा अख्खा भाग प्रबंधातून बाद. अन् तो नसन तर प्रबंधच नाई. मुदतवाढ आता भेटत नाई.'

'मग?'

'मंग काय? गुरुवारी साडेअकरा.'

बाई मध्येच म्हणाल्या, 'सर, तुम्ही कायले त्रास घेता? माहं पद गेलं तरी टाकी तं तिथंच राह्यन.'

'टाकी राह्यन,' सर म्हणाले. 'पानी सोडनारा बदलन.'

गुरुवारी मी सुनावणीला गेलो. खिशात सही केलेलं पत्र होतं, आणि ते काढायचं की नाही हे ठरलेलं नव्हतं. म्हणून मागच्या बाकावर बसलो, भिंतीला टेकून.

उपसरपंचांचे वकील चांगले होते. त्यांनी कात्रणं सुनावणी घेणाऱ्या अधिकारी साहेबांपुढे मांडली. हे साहेब तरुण होते, चष्मा कपाळावर सरकवून वाचायचे. सरांना पुढे बोलावलं.

वकिलांनी विचारलं, 'तुम्ही सभेत कोणत्या नात्यानं बसले होते?'

'बसलो नव्हतो. उभा होतो. खुर्च्या मोजाले उभं राहा लागते.'

लोक हसले. वकील म्हणाले, ही खासगी वही, कोणी काहीही लिहील. सरपंचबाई फोटोतला हात आपला म्हणतात, पण गोंदण तर पोडातल्या प्रत्येक बाईच्या हातावर आहे. हात कोणाचाही असेल. मुद्दा बिनतोड होता. माझं पत्र खिशात घामानं ओलं झालं.

सरांनी वही उघडली आणि साहेबांपुढे सरकवली. टाकीच्या उद्घाटनाचं पान. उभी माणसं ठिपक्यांनी, एका ओळीत. चौथ्या ठिपक्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, सरपंच मानकूबाई, उजवा हात फितीवर, करंगळीशेजारचं बोट अर्ध्या पेराने आखूड.

हे त्यांनी का लिहिलं होतं? काही कारण नव्हतं. दिसलं ते मोजलं. जिल्हाभर आम्ही याच सवयीला वेड म्हणत होतो.

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, कात्रण खिडकीच्या उजेडात धरलं, आणि म्हणाले, 'बाई, उजवा हात दाखवा.'

मानकूबाईंनी हात टेबलावर ठेवला. कात्रणाच्या शेजारी. त्या बोटाचं अर्धं पेर कधीतरी कडबा कापताना गेलं होतं. कागदावरचा हात आणि टेबलावरचा हात, दोन्हीकडे तेच बोट तेवढंच आखूड. मी कापून टाकलेली बाई मला पहिल्यांदा पुरती दिसली.

साहेबांनी मग वहीची बाकीची पानं उलटली. एका ठिकाणी त्यांचे ओठ हलले. नंतर मी ते पान पाहिलं. मानकूबाई, सात मिनिटे, विषय पाणी. उपसरपंच, एकेचाळीस मिनिटे, विषय स्वतः.

'वही या एका सभेला तर जुळते,' साहेब म्हणाले. 'पण पेपर चारही ठिकाणी आदी म्हणतो. हे आदी म्हणजे कोण? पेपरचं कोणी आहे का इथे?'

सरांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी रागावून बसून राहिलो असतो. मी उठलो. पत्र दिलं, आणि चारही सभांत अध्यक्षस्थानी सरपंच मानकूबाई होत्या, वार्ताहरांनी पाठवलेल्या यादीत त्यांचं नाव होतं आणि ते मी कापलं, असं मोठ्यानं सांगितलं. आवाज फाटला. पण नाव बरोबर आलं.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. तक्रार फेटाळली, पद कायम. त्याच दिवशी चौथ्या मार्गदर्शकांचं पत्र सरांना आलं. ते म्हणाले होते तसंच झालं. इतक्या वर्षांचं सगळं मोजमाप एका पानाच्या पत्रात मिटलं, आणि त्या पत्रात सरांचं नावसुद्धा चुकलेलं होतं. सरांनी ते मला दाखवलं, घडी घातली आणि पिशवीत ठेवलं. मला रडू आलं असतं, पण मी त्या विद्यापीठाला चार शिव्या दिल्या. माझ्या स्वभावाला तेच जमतं.

निकालाची बातमी मीच केली. जिल्हा पानावरची ती माझी शेवटची ठरली. उपसरपंचांची जाहिरात दुसऱ्या पेपरला गेली आणि मला राशिभविष्य आणि शब्दकोड्याच्या पानावर बसवण्यात आलं. तिथे एक सुख आहे. बाराही राशी रोज नावानिशी छापाव्या लागतात.

निकालाची ती बातमी लावत होतो तेव्हा संध्याकाळी सर आले. पडद्यावर वाचलं. मी त्यांचं नाव तिसऱ्या ओळीत घातलं होतं, त्यांच्या वहीचाही उल्लेख होता.

'माहं नाव काढा,' ते म्हणाले.

'काहून? तुमच्यामुळेच तर झालं सगळं.'

'म्हनूनच काढा. उद्या लोक म्हनतीन, त्या सरानं बाईचं पद वाचवलं. बाईचं पद बाईच्या हातानं वाचलं. फोटोत हात कोनाचा होता?'

मी वाद घातला, त्यांनी ऐकलं नाही. शेवटी नाव काढलं. मानकूबाईंचं पूर्ण नाव मथळ्यात घेतलं, फोटो त्यांचा एकटीचा, दोन्ही हातांसकट, आणि न कापलेला. पोडातल्या सहा जणांची नावं ओळीनं दिली. शेवटची ओळ टाइप करताना मात्र बोट क्षणभर अडलं. मग नेहमीचंच वाक्य लिहिलं.

दुसऱ्या दिवशी अकराला सर आले. त्याच दिवशीचा अंक पसरला, सवयीनं पट्टी लावली.

'साडेसोळा,' म्हणाले. 'अन् एकही सर्पदंश नाई.'

वही त्यांनी काढली नाही. प्रबंधच उरला नव्हता, आकडा लिहायचा कशाला? त्यांनी पट्टी बातमीच्या तळाशी नेली आणि शेवटच्या ओळीतला 'आदी' तेवढा मोजला. सात मिलिमीटर भरला.

'माह्यापुरती जागा बरी हाये,' ते म्हणाले.

दारात कँटीनवाला उभा होता. सवयीनं मी एक बोट वर केलं.

सर खुर्ची ओढून बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

'दोन सांगा साहेब,' ते म्हणाले. 'आता चालते.'